दर उन्हाळ्यात गाडीच्या एसीत गॅस भरावा लागतोय? आधी तो जातो कुठे ते शोधा

मी जळगावला राहते आणि कामासाठी रोज भुसावळला गाडीने जाते-येते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जाणं नवीन नाही. त्यामुळे गाडीचा एसी ही चैन उरत नाही, दुपारी साडेतीनला निघायचं तर तो लागतोच. माझी हॅचबॅक दहा वर्षांची. सलग तीन वर्षं एप्रिल लागला की एसी गार हवा देईना, मग गॅस भरायचा. एसीवाला बॉनेट उघडायचा, गेज लावायचा आणि म्हणायचा, "ताई, गॅस उतरलाय, भरून देतो." अर्ध्या तासात गाडी थंडगार. १,८०० रुपये. पुढच्या एप्रिलला तेच.

तिसऱ्या वर्षी मी त्याला विचारलं, "हा गॅस संपतो कसा?" तो म्हणाला, "वापरून वापरून संपतो ना ताई, पेट्रोलसारखा." हे वाक्य मी आणखी चार-पाच जणांकडून ऐकलंय आणि ते साफ चुकीचं आहे. एसीचा गॅस जळत नाही, खर्च होत नाही. कॉम्प्रेसर तो दाबतो, समोरच्या कंडेन्सरमध्ये तो गार होऊन द्रव बनतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून जाताना दाब उतरून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये शिरतो, तिथे केबिनमधली उष्णता पिऊन पुन्हा वायू होतो आणि कॉम्प्रेसरकडे परततो. तोच गॅस, तेच चक्र, वर्षानुवर्षं. कमी झाला म्हणजे गळला.

थोडी गळती मात्र प्रत्येक गाडीत असते. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून तो अगदी हळूहळू झिरपतो. युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशात नव्या गाडीला वर्षाला ४० ग्रॅमपर्यंत गळती चालेल असं धरलंय, आणि मागेही वेगळी कॉइल असेल तर ६० ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा. माझ्या गाडीच्या बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचं वजन ४२० ग्रॅम लिहिलंय. ४० ग्रॅमच्या हिशेबाने तीन-चार वर्षं कुणाला फरकही जाणवायला नको होता. माझी गाडी दर वर्षी निम्मी रिकामी होत होती.

घरी गॅस भरायचे कॅन आता ऑनलाइन सहज मिळतात, सोबत गेज लावलेली नळीही मिळते. मी ते केलंय आणि करता येतं. पण ज्यांचा एसी दर वर्षी बसतो त्यांनी कॅन मागवण्याआधी खालचं सगळं वाचा. नाहीतर एसीवाल्याला द्यायचे पैसे तुम्ही कॅनवाल्याला द्याल, एवढाच फरक पडेल.

गॅसचा दोष नसतानाही एसी बसतो

हे तपासायला पैसे लागत नाहीत, म्हणून आधी हेच.

ग्लव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून उन्हात धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर हवा येणार कुठून? झडपांतून येणारी हवा गार आहे पण जोर नाही, असं असेल तर नव्वद टक्के वेळा फिल्टरच.

मग समोरची जाळी. आमच्या खानदेशात जिनिंगचा हंगाम असला की कापसाचे तंतू कंडेन्सरच्या पत्र्यांत गच्च बसतात. उन्हाळ्यात रुईच्या म्हाताऱ्या उडतात, त्याही तिथेच चिकटतात. वर महामार्गाची धूळ. कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकता आली नाही की गॅस कितीही असो, गारवा येत नाही. साध्या नळाच्या पाण्याने, इंजिन थंड असताना, हलक्या धारेने धुवा. सर्व्हिस सेंटरचं प्रेशर वॉशर जवळून मारलं की पातळ पत्रे वाकून आडवे होतात आणि वाट आणखी बंद होते.

त्यानंतर पंखा. एसी चालू केल्यावर रेडिएटरसमोरचा पंखा फिरायलाच हवा. याची खूण अगदी स्पष्ट आहे: गाडी पळताना एसी गार, सिग्नलला थांबली की कोमट. हे ज्यांच्याकडे होतं त्यांनी गॅसचं नावही काढू नये. पंखा, त्याचा रिले आणि वायरिंग बघा. पावसाळ्यानंतर ही तक्रार वाढते, कारण उंदीर बॉनेटखाली घर करतात आणि वायरी कुरतडतात.

उलटी खूणही आहे. निघाल्यावर पहिला तासभर मस्त गार, मग हवेचा जोरच कमी होत जातो, गाडी वीस मिनिटं बंद ठेवली की पुन्हा नीट. इथे कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. कॉइलजवळचा तापमानाचा सेन्सर बिघडला असेल किंवा फिल्टर चोंदला असेल. गॅस थोडा कमी असतानाही असा बर्फ धरू शकतो.

शेवटी कॉम्प्रेसर. बॉनेट उघडून कुणाला तरी आतून एसी चालू-बंद करायला सांगा. क्लच असलेल्या कॉम्प्रेसरचा "टक्" असा आवाज येतो आणि पुलीचा पुढचा भाग फिरू लागतो. टक् येत नसेल तर फ्यूज, रिले, क्लचची कॉइल यांपैकी काहीतरी, किंवा गॅस इतका कमी की लो-प्रेशर स्विचने कॉम्प्रेसरला अडवून धरलंय. हा स्विच वायर जोडून "डायरेक्ट" करायचा सल्ला काही जण देतात. कृपा करून ऐकू नका. कॉम्प्रेसरचं तेल गॅससोबतच फिरतं. गॅस नसताना कॉम्प्रेसर फिरवला तर तो कोरडा घासून मरतो, आणि त्याची किंमत पंधरा-वीस वर्षं गॅस भरण्याइतकी असते.

हाताने पाहणे

गेज घेण्याआधी हात वापरा. एसी पूर्ण, ब्लोअर पूर्ण, दहा मिनिटं चालू ठेवा. बॉनेटखाली एसीचे दोन अॅल्युमिनियमचे पाइप दिसतील. जाड पाइपला हात लावा: तो गार आणि दमट, थंड पाण्याच्या लोट्यासारखा घामेजलेला हवा. बारीक पाइप गरम लागला पाहिजे. त्याला हात सांभाळून लावा. दोन्हींत फरकच नसेल, जाड पाइप जेमतेम गार आणि बारीक जेमतेम कोमट असेल, तर गॅस कमी असण्याची किंवा कॉम्प्रेसर दुबळा झाल्याची शक्यता मोठी.

गेज खोटं बोलत नाही, पण आपण चुकीचं वाचतो

इथे सगळ्यांत जास्त घोळ होतो, म्हणून जरा थांबून सांगते.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. तो उघड्यावर उणे २६ अंशांनाच उकळतो, म्हणून पाइपमध्ये तो सतत दाबाखाली असतो. इंजिन बंद, गाडी रात्रभर सावलीत उभी, आणि गेज लावलं, तर दिसणारा दाब हा फक्त हवेच्या तापमानावर ठरतो. २५ अंशांना साधारण ८२ पीएसआय, ३० ला ९७, ३५ ला ११४, ४० ला १३३. आत ४०० ग्रॅम असो नाहीतर १५०, थोडासा द्रव शिल्लक आहे तोवर आकडा तोच येतो! घरगुती सिलिंडरमधला द्रव गॅस आणि त्याची वाफ जशी, तसंच. म्हणून "गेजवर नव्वद आलं म्हणजे फुल आहे" असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हा आकडा एवढंच सांगतो: तापमानापेक्षा खूपच कमी आला तर आत द्रव उरलेलाच नाही, आणि शून्य आला तर गॅस गेलाय आणि बाहेरची हवा, म्हणजे ओलावाही, आत शिरलाय.

खरं निदान इंजिन चालू असताना, दोन्ही बाजूंच्या गेजवर होतं. बाहेर ३५ अंश असताना धडधाकट गाडीत लो साइडला (कमी दाबाची बाजू, जाड पाइप) साधारण ३० ते ४५ आणि हाय साइडला (जास्त दाबाची बाजू, बारीक पाइप) २०० ते २७५ च्या आसपास दाब दिसतो. गाडीगणिक फरक पडतो, आणि ऊन वाढलं की हाय साइड आणखी चढते. आता जोड्या पाहा. दोन्ही कमी: गॅस कमी. दोन्ही जास्त: गॅस जास्त भरलाय, किंवा आत हवा आहे, किंवा पंखा-कंडेन्सर उष्णता बाहेर टाकत नाहीत. लो जास्त आणि हाय कमी: कॉम्प्रेसर दाबतच नाही. लो शून्याजवळ किंवा त्याही खाली आणि हायही फारशी नाही: एक्स्पान्शन व्हॉल्व्ह चोंदलाय किंवा तिथे ओलाव्याचा बर्फ अडकलाय.

कॅनसोबत येणारं एकच गेज फक्त लो साइड दाखवतं. त्यावर हिरवा-पिवळा-लाल पट्टा असतो. पंखा बंद पडलाय म्हणून लो साइड चढली, की माणसाला वाटतं गॅस भरपूर आहे. व्हॉल्व्ह चोंदून लो साइड पडली, की वाटतं गॅस कमी आहे, आणि तो ओतत राहतो. कॉम्प्रेसर सुरूच नसला तर काटा थेट लालमध्ये जातो, कारण तो वर सांगितलेला उभ्या गाडीचा दाब असतो. दोन नळ्यांचं मॅनिफोल्ड गेज थोडं महाग पडतं, पण घ्यायचं तर तेच घ्या.

माझ्या गाडीत काय निघालं

चौथ्या एप्रिलला मी गॅस भरायला गेलेच नाही. बाबांनी टॉर्च धरला आणि आम्ही संध्याकाळी ऊन उतरल्यावर अंगणात बॉनेट उघडून बसलो.

लहान मुलांच्या शाम्पूचे चार थेंब वाटीभर पाण्यात घोळवले आणि जुना दाढीचा ब्रश घेतला. पाइपचे सगळे जोड, कॉम्प्रेसरच्या मागची दोन्ही तोंडं, होज जिथे अॅल्युमिनियममध्ये दाबून बसवलेला असतो ती कडी, सगळीकडे फेस लावला. काही नाही. मग जाड पाइपवरच्या गॅस भरायच्या तोंडाकडे लक्ष गेलं. त्यावर "एल" लिहिलेलं काळं प्लॅस्टिकचं टोपण असतं, ते माझ्या गाडीवर नव्हतंच. पहिल्या किंवा दुसऱ्या वेळी गॅस भरताना काढलं आणि परत लावलं नाही. तोंडात माती साचून काळी पेस्ट झाली होती. कापसाच्या काडीने ती पुसली आणि फेसाचा एक थेंब आत सोडला.

पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मग त्या थेंबातून एक बुडबुडा वर आला, हरभऱ्याएवढा झाला आणि फुटला. बाबांनी घड्याळ लावलं. नऊ सेकंदांनी दुसरा. पुन्हा नऊ सेकंदांनी तिसरा.

त्या तोंडात मोटरसायकलच्या ट्यूबसारखाच एक बारीक पिन व्हॉल्व्ह असतो. त्याच्या रबराखाली धुळीचा कण बसला की तो पुरता मिटत नाही. वरचं टोपण केवळ धूळ अडवायला नसतं, त्याच्या आत रबरी रिंग असते आणि ते दुसरा अडसर म्हणून काम करतं. म्हणजे दर वर्षी गॅस भरताना तो व्हॉल्व्ह दाबला जात होता, धूळ आत ढकलली जात होती, आणि वर्षभर तिथूनच गॅस जात होता. व्हॉल्व्हची किंमत शंभर-दीडशे रुपये. या तीन वर्षांत मी ५,४०० रुपये दिले होते.

पैशांपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त लागली. हा गॅस ओझोनला धक्का लावत नाही, म्हणूनच जुन्या आर-१२ च्या जागी तो आला. पण तो वातावरण तापवतो, वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट. २१० ग्रॅम गळणं म्हणजे ३०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं, आणि तेवढा धूर सोडायला सुमारे १३० लिटर पेट्रोल जाळावं लागतं. २०१६ च्या किगाली करारानुसार हे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत आणि भारताने २०२१ मध्ये तो मान्य केलाय. म्हणून "थोडा सोडून देतो, काय होतं" असं करू नका. जुना गॅस मशीनने ओढून घेणाऱ्याकडेच जा.

वर्कशॉपमध्ये विचारायचा एकच प्रश्न

गॅस ओढून घेणारं मशीन असलेल्या जागी गेलात की विचारा: "आतून किती ग्रॅम निघाला?" मशीनवर आकडा येतो. स्टिकरवरच्या आकड्यातून तो वजा करा, गेल्या वेळी गॅस भरल्याला किती महिने झाले ते बघा, आणि गळती किती वेगाने होतेय ते तुमच्यापुढे येतं. माझ्या गाडीतून २१० निघाले. अकरा महिन्यांत २१० गेले होते.

ज्यांच्याकडे मशीन नाही ते जुन्यावर अंदाजाने नवा गॅस चढवतात. आत किती आहे हे ठाऊक नसताना वर किती घालायचं हे कुणालाच कळू शकत नाही, कितीही अनुभव असो. आणि जास्त झालेला गॅस कमीपेक्षा वाईट: कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, हाय साइड चढते, गारवा कमी होतो, आणि भर दुपारी प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद-चालू करत राहतो. काही जण दर वेळी "सोबत ऑइल पण टाकतो" म्हणतात. मंद गळतीत तेल फारसं जात नाही. जास्तीचं तेल कॉइलच्या आतून थर धरतं आणि गारवा खातं.

घरी भरणे: मी कसं केलं

माझा मावसभाऊ भुसावळला घरगुती एसी-फ्रिजची कामं करतो. व्हॅक्यूम पंप त्याचा. नळ्या मात्र मी वेगळ्या घेतल्या, कारण त्याच्या नळ्यांत दुसऱ्या गॅसचं तेल होतं आणि गाडीचे कपलर, म्हणजे नळी तोंडावर बसवायचे जोड, तेही वेगळे असतात. वर्कशॉपमध्ये गॅस काढून घेतला, एसी बंद ठेवून गाडी घरी आणली. माझा कॉम्प्रेसर क्लचवाला आहे म्हणून हे चाललं. बिनक्लचचा कॉम्प्रेसर इंजिनबरोबर सतत फिरतो, तशी गाडी रिकामी करून चालवू नका, सगळं एकाच जागी उरका.

डोळ्यांवर गॉगल, हातात जाड हातमोजे, आणि काम उघड्यावर. हा गॅस उडाला तर कातडी आणि डोळा क्षणात गोठवतो. हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, बंद गॅरेजमध्ये साचतो. ज्योतीला लागला तर विषारी आम्ल तयार होतं, म्हणून जवळ विडी-सिगारेट, उदबत्तीसुद्धा नको.

पिन व्हॉल्व्ह बदलले, दोन्ही बाजूंचे, कारण एक गेला तर दुसरा त्याच वयाचा आहे. मग व्हॅक्यूम. हा टप्पा गाळला की सगळं वाया. पंपाचं काम हवा काढणं आहेच, पण मुख्य म्हणजे ओलावा काढणं. दाब पुरेसा खाली गेला की पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि पंपातून बाहेर पडतं. ओलावा राहिला तर तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी गोठतो, आणि तेलात मिसळून आम्ल बनवत आतून धातू खातो. आम्ही पाऊण तास चालवला. गेजवर (हा आकडा पाऱ्याच्या इंचांत असतो) "२९.९ यायलाच हवं" हा आग्रह धरू नका. तो समुद्रकाठचा आकडा आहे. जळगावला २९ च्या किंचित वर, आणि पुण्याला, साडेपाचशे मीटर उंचीवर, २८ च्या आसपासच काटा थांबतो, कारण तिथे हवेचाच दाब तेवढा. पुण्यातल्या एका मैत्रिणीने यापायी चांगला पंप परत पाठवला होता.

पंप बंद करून अर्धा तास काटा बघितला, हलला नाही. यावरून मोठी गळती नाही एवढंच कळतं. व्हॅक्यूममध्ये फरक एका वातावरणाचा आणि तोही बाहेरून आत. चालू गाडीत दाब पंधरा-वीस पट आणि आतून बाहेर. बारीक भोक व्हॅक्यूममध्ये गप्प बसू शकतं. त्यासाठी नायट्रोजनचा दाब देऊन तपासणं चांगलं. कॉम्प्रेसरची साधी हवा किंवा ऑक्सिजन कधीही नाही. ऑक्सिजन आणि तेल मिळून स्फोट होतो.

आता कॅन. बहुतेक कॅन ४५० ग्रॅमचे असतात आणि त्यावर सुई असलेला नळ बसतो. नळाची चावी आधी पूर्ण बाहेर फिरवून सुई मागे घ्या, मग तो कॅनवर आवळा, मग चावी आत फिरवून भोक पाडा. गॅस मात्र चावी परत बाहेर फिरवल्यावर सुटतो. या उलट्या क्रमाने पहिल्यांदा प्रत्येकाचा गोंधळ होतो. एकदा पाण्याच्या बाटलीवर हात बसवून घ्या. नळीतली हवा गेजपाशी क्षणभर ढिली करून काढून टाका, नाहीतर काढलेली हवा पुन्हा आत.

कॅन स्वयंपाकघरातल्या एक-एक ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्यावर उभा ठेवला आणि आकडा वहीत लिहिला. आतल्या व्हॅक्यूममुळे पहिले काही ग्रॅम इंजिन बंद असतानाच ओढले जातात. ओढणं थांबलं की इंजिन चालू, एसी पूर्ण, ब्लोअर पूर्ण, दारं उघडी. फक्त लो साइडचा नळ उघडा. हाय साइडला कॅन कधीही जोडून उघडू नका, उलटा दाब येऊन कॅन फुटतो. कॅन उभाच धरा. उलटा केला तर द्रव जातो, आणि कॉम्प्रेसर द्रव दाबू शकत नाही, त्याचे व्हॉल्व्ह तुटतात.

भरता भरता कॅन इतका गार पडतो की बाहेरून पांढरं दव धरतं आणि गॅस यायचा मंदावतो. तेव्हा तो कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवला, हाताला सोसवेल इतपतच कोमट. शेगडीवर किंवा हीटरसमोर नाही. आणि पुन्हा काट्यावर ठेवण्याआधी फडक्याने कोरडा पुसायचा, हे मावसभावाने सांगितलं. दवाचे आणि पातेल्याचे थेंब मिळून आठ-दहा ग्रॅम सहज दाखवतात. ४२० गेल्यावर नळ बंद. कॅन पूर्ण रिकामा होत नाही आणि नळीतही थोडा राहतो, म्हणून मी दोन कॅन जवळ ठेवले होते. त्या दिवशी बाहेर ३९ अंश होते, आणि झडपेत खोचलेला थर्मामीटर दहा मिनिटांत ९ वर आला.

दुसरी बाजू: गळती माहीत आहे, तूर्त उन्हाळा काढायचाय आणि जुन्यावर थोडा चढवायचाय, असं असेल तर पन्नास-पन्नास ग्रॅमने, प्रत्येक वेळी पाच मिनिटं थांबून, दोन्ही गेज बघत, आणि शंभरच्या पुढे नाही.

हे कॅन घेऊ नका, या गाड्यांना हात लावू नका

"गळती बंद करणारा" सीलंट मिसळलेला कॅन नको. तो भोक बुजवो न बुजवो, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बुजवतो, आणि वर्कशॉपवाले अशी गाडी आपल्या मशीनला लावायला नकार देतात, ते बरोबरच आहे. अतिस्वस्त, नाव नसलेले कॅनही नकोत. त्यांत ज्वालाग्राही गॅसची भेसळ असते. मिथाइल क्लोराइड मिसळलेला नकली गॅसही जगभर सापडलाय आणि तो अॅल्युमिनियमला खातो. फ्रिजचा आर-६००ए गॅस किंवा घरच्या एसीचा आर-२२, आर-३२ गाडीत घालायचा नाही, पहिला पेट घेतो, बाकीच्यांचा दाब गाडीचे पाइप सोसत नाहीत.

स्टिकरवर आर-१२३४वायएफ लिहिलं असेल तर तो वेगळा गॅस, तोंडंही वेगळी. त्यात १३४ए घालायचा नाही. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांचा कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो आणि त्याला वीज न वाहणारं वेगळं तेल लागतं. साध्या गाडीच्या नळीत राहिलेलं तेलही तिथे घात करतं. त्या कंपनीच्याच माणसाकडे न्या.

एवढं करूनही पुन्हा गेला तर

माझा गेला. पुढच्या वर्षी जूनमध्ये गारवा किंचित कमी वाटला. या वेळी गॅससोबत गळती दाखवणारा रंग टाकून घेतला, पंधरा दिवस गाडी वापरली, आणि अंधार पडल्यावर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आणि पिवळा चष्मा लावून बघितलं. कंडेन्सरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे चिखल साचून राहतो, तिथे हिरवट-पिवळा ओघळ चमकत होता. महामार्गाच्या चौपदरीकरणात ट्रकच्या टायरखालून उडणारी गिट्टी नेमकी तिथे बसते. कंडेन्सर बदलावाच लागला, सोबत ओलावा शोषणारा ड्रायर आणि जोडांतले सगळे रबरी ओ-रिंग. अॅल्युमिनियमच्या बारीक नळ्यांना वेल्डिंग करून देणारे आहेत, पण ते एखादा पावसाळा टिकतं.

कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी गळती शोधायला कंडेन्सरपासूनच सुरुवात करावी. खाऱ्या हवेत त्याचे पत्रे बोट लावलं की पिठासारखे झडतात, ते मी मालवणला आत्याच्या गाडीत पाहिलंय.

बाहेर कुठेच रंग दिसत नसेल तर संशय डॅशबोर्डमागच्या कॉइलवर. डॅशबोर्ड खोलायचं काम मोठं, म्हणून आधी गाडीखाली जिथून एसीचं पाणी टपकतं त्या नळीच्या तोंडाशी टॉर्च मारा. रंगाचा अंश तिथे दिसला, किंवा गाडी थोडा वेळ बंद ठेवून त्या तोंडाशी धरलेला गळतीचा इलेक्ट्रॉनिक शोधक ओरडला, तर निदान पक्कं, मगच डॅशबोर्डला हात घालू द्या.

थंडीत एसी महिनोन्‌महिने बंद ठेवू नका. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवला की तेल शाफ्ट सीलपर्यंत पोचतं आणि रबर कोरडं पडत नाही. मी रविवारी भाजी आणायला जाताना चालवते.

बॉनेटच्या आतल्या बाजूला मी एक कागद प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवलाय: तारीख, किती ग्रॅम निघाले, किती भरले, बाहेरचं तापमान, झडपेतलं तापमान, लो, हाय. दोन्ही टोपणं आहेत का, त्याचाही एक रकाना. कंडेन्सर बदलल्याला आता दोन उन्हाळे झाले. या एप्रिलला सकाळी बाहेर ३१ असताना झडपेत ६ अंश आले, आणि गॅसच्या रकान्यात मी रेघ मारली.